भट्टीसमोरची दीड हात जागा

नव्या धुराड्यातून कोणाला काय मिळणार होतं, ते आधीच मांडून टाकलेलं बरं. बेकरीच्या मालकीणबाईंना धुराडं फुकट मिळणार होतं, वर लाकडाची बचत, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोरच्या शिंपीणबाईंच्या तोंडाला कुलूप. त्या बाई रोज सकाळी खिडकीतून पांढरं कापड झटकत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "पाव भाजतात की कोळसा पाडतात, देव जाणे." संशोधन केंद्रातल्या धूरवाल्या मॅडमना सात वर्षांच्या खटाटोपाचं फळ मिळणार होतं: ही एक भट्टी जमली, तर शहरातल्या आणखी चाळीस भट्ट्यांवर तसंच धुराडं. पीठ मळणाऱ्या पिपाणीला मिळण्यासारखं काही नव्हतं, पण त्याला करमणुकीवर भागवायची सवय होती.

राहिले उस्ताद. मालकीणबाईंचे थोरले भाऊ, तीस वर्षं त्याच भट्टीच्या तोंडाशी उभे. चिमूटभर पीठ आत फेकायचं, ते किती वेळात तपकिरी होतं ते बघायचं आणि म्हणायचं, "लावा ट्रे." तापमापकाला ते पाहुण्याइतकाच मान देत: बसा म्हणायचं, पण कामाला हात लावू द्यायचा नाही. त्यांच्या नावावर जमेला शून्य होतं. गमावण्यासारखं मात्र होतं, भट्टीच्या तोंडासमोरची दीड हात जागा.

ती जागा पणाला लागली मॅडमच्या अटीमुळे. धूर, लाकूड आणि माणूस, तिन्ही मोजायचे. धुरासाठी भिंतीवर एक पेटी टांगली. लाकडासाठी वजनकाटा आला. माणसांसाठी आली फुंकनळी: वीतभर प्लास्टिकची नळी, अंगावर आकडे, आणि आकड्यांवरून सरकणारा लाल काटा. छाती भरून फुंकायचं. दमात जोर असेल तिथपर्यंत काटा जातो आणि तिथेच थांबतो. रोज सकाळी दहाला पाचही जणांनी फुंकायचं, आपापला आकडा भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचा. तीन आठवडे जुन्या धुराड्याखाली, तीन आठवडे नव्या.

"आणि ज्याचा आकडा तीनशेच्या वर जातच नाही," मॅडम म्हणाल्या, "त्याला भट्टीसमोर उभं करायचं नाही. डॉक्टरांची अट आहे. दुसरं काम द्यायचं."

मालकीणबाईंनी सही ठोकली. फुकट धुराड्यापुढे त्यांना अट म्हणजे पावावरचे तीळ.

पुढे मॅडमनी नळी कशी वापरायची ते शिकवलं. आधीच्याचा काटा तसाच राहतो, म्हणून फुंकण्यापूर्वी तो बोटाने खाली आणायचा, एवढंच शिकण्यासारखं होतं. चौघांनी ते ऐकलं. उस्तादांनी ऐकलं नाही. ते भट्टीत डोकं घालून निखारे सारखे करत होते. उस्तादांना कोणी काही शिकवायचं, हे बेकरीत कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मॅडमना वाटलं होतं, लोक फुंकायला लाजतील. बेकरीने त्याची शर्यत केली. गोळे पाडणाऱ्या दोघी बहिणींत पहिल्या दिवशीच थोरलीने धाकटीला मागे टाकलं.

"तुझं बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "तुला घरी रोजचा सराव. भावोजी बोलायला तोंड उघडतात, तोवर तुझं अर्धं रामायण होतं."

पाव पोहोचवणारा सायकलवाला उंबऱ्यात उभ्या उभ्या फुंकून पसार झाला. मग पिपाणी. सुट्टीच्या दिवशी हा गडी बँडमध्ये कर्णा वाजवायचा. त्याने गाल फुगवले आणि काटा थेट पाचशे चाळीसवर. लगेच त्याने नळी पदक द्यावं तशी उस्तादांच्या हातात दिली. उस्तादांनी फुंकलं, खोकल्याची एक ढास लागली, डोळे पुसून बघतात तर काटा पाचशे चाळीस.

"उस्ताद, तीस वर्षं धूर खाऊन माझ्या बरोबरीला?" पिपाणी म्हणाला.

"धुरात मुरलेली छाती आहे," उस्ताद म्हणाले. "तुझी अजून कच्ची."

दुपारी सगळे पांगल्यावर त्यांनी नळी पुन्हा हातात घेतली. काटा बोटाने सरकतो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. तो खाली आणून त्यांनी फुंकलं. दोनशे दहा. पुन्हा फुंकलं. दोनशे पाच.

त्या क्षणापर्यंत ती चूक होती. दुसऱ्या दिवसापासून उस्ताद नेमके पिपाणीच्या मागे उभे राहायला लागले.

पण तीस वर्षांची एक सवय आड आली. भट्टीशेजारच्या भिंतीवर उस्ताद रोज कोळशाने त्या दिवशीच्या ट्रेंचा आकडा लिहीत. भिंतीशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा धर्म. ट्रे जळले तर जळलेलेही लिहीत. रोज दुपारी ते एकटेच, काटा खाली आणून, प्रामाणिकपणे फुंकत आणि ट्रेंच्या आकड्याशेजारी तो आकडा बारीक अक्षरात टाकत. मग पिठाचं पोतं पुन्हा आड सरकवून ठेवत. लोकांसाठी तक्ता, भिंतीसाठी खरं.

नवं धुराडं बसलं त्या दिवशी बेकरीत लग्नघरासारखी धांदल होती. मॅडमनी झडप उघडली. उस्तादांनी, केवळ मॅडमचं मन राखायला, नेहमीच्या निम्मी लाकडं पेटवली. आग क्षणभर घुटमळली आणि एकदम आत ओढली गेली, कोणीतरी पलीकडून नावाने हाक मारावी तशी. धूर खोलीत आलाच नाही. पिपाणी वर छताकडे बघत बसला, धूर तिथे कुठे लपलाय का म्हणून. उस्तादांनी चिमूटभर पीठ फेकलं. त्यांचा अंदाज होता पंधरा मोजण्याचा. अकरालाच पीठ तपकिरी झालं.

"निम्म्या लाकडात?" मालकीणबाई म्हणाल्या.

"पीठ जुनं असेल," उस्ताद म्हणाले, पण पुढची चिमूट त्यांनी नव्या पोत्यातून घेऊन टाकली. तीस वर्षांत पहिल्यांदा भट्टीने त्यांना काही नवीन सांगितलं होतं.

तेवढ्यात समोरच्या शिंपीणबाई हातात कात्री घेऊन दारात. "भट्टी बंद पडली का? धूर दिसेना. मला सकाळी पाव लागतात." त्यांच्या हातात एक गरम पाव ठेवला, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. तक्रारीला जागा सापडली नाही, म्हणून दोन विकत घेऊन गेल्या.

तीन आठवडे आकडे नुसते धावत होते. रोजची एकशेऐंशी किलो लाकडं एकशेवीसवर आली. धुराची पेटी निम्म्याखाली उतरली. मॅडम दिवसातून दोनदा येऊ लागल्या, एकदा कामाला आणि एकदा नुसत्याच. आणि भिंतीवर, पोत्याआड: दोनशे दहा, दोनशे तीस, दोनशे पंचावन्न, दोनशे ऐंशी. आकडा लिहून झाला की उस्तादांना कोणाला तरी सांगावंसं वाटे. सांगणार कोणाला? लोकांच्या हिशेबी ते आधीच पाचशे चाळीस होते.

शुक्रवारी समितीचे लोक येणार होते. चाळीस धुराड्यांचा निर्णय त्यांचा, आणि त्यांची तिजोरी होती आरोग्याची. लाकूड वाचलं की नाही, यात त्यांना रस नव्हता. छाती सुधारली का, एवढंच ते विचारणार होते. बुधवारी मॅडम तक्ता उतरवून घ्यायला बसल्या आणि त्यांचं पेन थांबलं. मालकीणबाई त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. वाकडा आकडा त्यांना पावातल्या खड्यासारखा दाताखाली येई.

"पिपाणी पाचशे चाळीस, दादा पाचशे चाळीस. पिपाणी पाचशे तीस, दादा पाचशे तीस. रोज?" त्या म्हणाल्या. "मॅडम, दोन दुकानांची विक्री रोज सारखी निघाली, तर एकाची वही दुसऱ्याची बघून लिहिलेली असते."

उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "छाती आहे माझी. बघवत नाही का कोणाला?" आणि पोत्याला पाठ लावून उभे राहिले.

मॅडमचा आवाज चढला नाही. "उस्ताद, तुमचा रकाना मला खोडावा लागेल. मग उरतात चौघं. चौघंही भट्टीपासून लांब, त्यांची छाती आधीच बरी होती, त्यांच्यात फरक नावापुरता. समिती म्हणेल, एवढ्यासाठी चाळीस धुराडी कशाला. हे धुराडंही मला काढून न्यावं लागेल, ते फक्त चाचणीपुरतं दिलेलं आहे."

"मग काढा," उस्ताद म्हणाले. बोलता बोलता खोकला येईल असं त्यांना वाटलं. आला नाही. ते त्यांना जास्त लागलं.

समितीचा निकाल काही लागो, पाहुण्यांपुढे भिंत काळी नको, म्हणून गुरुवारी मालकीणबाईंनी पिपाणीला चुन्याची बादली आणि कुंचा दिला. पिपाणीने दारापासून सुरुवात केली. कुंचा मारायचा आणि तोंडाने बँडची धून. दुपारपर्यंत दोन भिंती पांढऱ्या झाल्या. तिसरीवर पेटी होती, ती त्याने उतरवून ठेवली. चौथी भट्टीची.

उस्ताद समोर बसून बघत होते. त्यांना काही करायचंच नव्हतं, आणि मौज त्यातच होती. नुसतं गप्प बसलं की काम फत्ते. दोनशे दहा चुन्याखाली जाणार, दोनशे ऐंशीही जाणार, आणि जगात एकच आकडा उरणार, पाचशे चाळीस. धुराडं गेलं तर गेलं. दीड हात जागा राहते.

पिपाणीने पोतं बाजूला ओढलं. जुन्या वर्षांच्या ओळी एकेक करत पुसल्या गेल्या; कुंचा वरून खाली, वरून खाली. दीड महिन्यापूर्वीच्या ओळीपाशी तो बादलीत बुडवायला थांबला.

"हे बारीक अक्षरात काय लिहिलंय, उस्ताद? उधारी?"

कुंच्यावरून चुना ठिबकत होता. ओळीवर एक थेंब पडला आणि दोनशे पाचमधला पाच गेला.

"ठेव तो कुंचा," उस्ताद म्हणाले.

"अर्धीच भिंत?"

"ठेव म्हणतो ना, गाढवा. छोटीला बोलाव. आणि तुझ्या त्या मॅडमना."

मालकीणबाई ऊर्फ छोटी आल्या त्या विक्रीची वही घेऊनच; बोलावणं आलं की वही घ्यायची, हा त्यांचा रिवाज. उस्तादांनी भिंतीकडे बोट केलं आणि दुसरीकडे बघत सगळं सांगितलं. मॅडम भिंतीपाशी उकिडव्या बसल्या. पहिल्या ओळीवर त्यांचं बोट हळू होतं, मग पळायला लागलं.

"पण या ओळींना तारखाच नाहीत. समिती विचारेल. उद्यासाठी आज लिहिलं असं म्हणतील."

मालकीणबाईंनी वही उघडली. "मोठा आकडा वाच, दादा."

"बावन्न ट्रे."

"बावन्न. पहिला सोमवार. पुढचा?"

"एकोणपन्नास. दोन जळलेले."

"दोन कमी, इथेही आहेत. तू मला तेव्हा सांगितलं होतंस, मांजराने पाडले."

बेचाळीस दिवस, बेचाळीस ओळी; भिंत आणि वही आकड्याला आकडा जुळली. शेवटच्या ओळीला मॅडम हसायला लागल्या आणि त्यांना थांबता येईना. पिपाणी तेवढा गंभीर होता. "म्हणजे उस्ताद, दीड महिना मी दोघांचं फुंकत होतो. मळण्याच्या कामात हे धरणार का?"

शुक्रवारी समितीचे तिघं आले. त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी भिंत पाहिली, वही पाहिली, आणि चष्म्यावरून उस्तादांना पाहिलं. "आत्ता फुंकून दाखवाल?"

बेकरीतले सगळे गोळा झाले होते. बहिणींच्या हातांना पीठ तसंच. दारात शिंपीणबाई, पाव घ्यायच्या निमित्ताने. उस्तादांनी नळी घेतली, काटा बोटाने खाली आणला, सगळ्यांना दिसेल असा, आणि फुंकलं. खोकला आला नाही. काटा दोनशे नव्वदवर थांबला. ज्यांच्यासमोर दीड महिना ते पाचशे चाळीस होते, त्यांच्यासमोर.

"दोनशे पाचवरून दोनशे नव्वद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन आठवड्यांत. सरावाचे पहिले दिवस वगळले तरी हे मोठं आहे." मग आवाज खाली आणून, "आणि तीनशेच्या खाली आहे. अट माहीत आहे ना?"

"माहीत आहे," उस्ताद म्हणाले. "सही आमच्या छोटीची आहे."

सोमवारी भट्टीच्या तोंडाशी पिपाणी उभा राहिला आणि उस्ताद पुढे गल्ल्याच्या स्टुलावर. पिपाणीने पीठ फेकलं, मोजलं, पुन्हा फेकलं, पुन्हा मोजलं. भिंतीपलीकडून वास आला तसे उस्ताद बसल्या जागेवरून म्हणाले, "खालची झडप अर्धी लोट, डावीकडचे ट्रे आधी काढ, आणि मोजताना धून वाजवू नकोस, चार आकडे गाळतोस." हे सगळं एका दमात, मध्ये न थांबता. पूर्वी तिसऱ्या शब्दाला ढास लागायची. पाव घ्यायला आलेल्या शिंपीणबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

आता शेवटचा हिशेब. मालकीणबाईंना धुराडं मिळालं, रोज साठ किलो लाकूड वाचलं. मॅडमना चाळीस धुराडी. शिंपीणबाईंना पांढरं कापड, आणि त्याबरोबर सकाळचा एक विषय कमी झाल्याची चुटपुट. पिपाणीला बढती, तीही फुंकण्याच्या जोरावर. चाळीस भट्ट्यांसमोरच्या चाळीस माणसांना काय मिळालं, हे त्यांच्या त्यांच्या भिंतींवर लिहिलं जाईल. या सगळ्याची किंमत होती दीड हात जागा. ती एकट्या उस्तादांनी भरली, आणि उधारी ठेवली नाही.