चांदीच्या डबीवरचा भित्रा खडा

मित्रांनो, मी एक जुना तांबडा खडा आहे. पोटाशी सपाट, पाठीशी फुगीर आणि स्वभावाने भित्रा. दगडाला काळीज नसतं असं लोक म्हणतात, पण मला कुणी कधी विचारलेलं नाही.

चिटगुप्पा गावाजवळच्या एका ओढ्यात मी सुखाने पडून होतो. तिथून चन्नव्वाने मला उचललं. हैदराबाद संस्थानात तेव्हा भारतात सामील होण्याच्या लढ्याची मोठी धामधूम होती. तिचा नवरा रेवणसिद्धप्पा गावातल्या तरण्या माणसांबरोबर हद्द ओलांडून सोलापूरकडे गेला होता आणि त्याची काहीच खबर नव्हती. तो निघाला त्याच दिवशी त्याच्या आईच्या, लिंगम्माच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीवरचा खडा पडून हरवला. त्या डबीत तिचं इष्टलिंग, म्हणजे लिंगायत गळ्यात घालतात ते छोटं शिवलिंग असे. म्हातारीने हाय खाल्ली. "खडा गेला, आता पोरगं बी येत न्हाई," म्हणत तिने जेवण टाकलं. म्हणून चन्नव्वाला नवा खडा हवा होता. हे काम तिने आधी कधी केलं नव्हतं.

तिने लाख वितळवून मला एका काडीच्या टोकाला चिकटवलं. निखारा जवळ आला तेव्हा मी गर्भगळीत झालो, कारण तापलेल्या दगडावर गार पाणी पडलं की तो तडकतो. पण तिने मला सावकाश निवू दिलं. मग खरखरीत दगडावर वाळू आणि पाणी घालून ती मला काडीनिशी फिरवू लागली. कडा गेल्या, पाठ गोल झाली. शेवटी चामड्यावर घासून तिने मला चमकवलं. "किती गोड दिसायलास रे!" ती म्हणाली. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

आता मला डबीवर बसवायचं होतं. पळीत लाख पातळ झाली. ती घट्ट धरावी म्हणून तिच्यात विटेची भुकटी मिसळतात. चन्नव्वाचा हात भुकटीकडे गेला, थांबला आणि देवळीतल्या विभूतीकडे वळला. विभूतीचा मूठभर चुरा लाखेत घालून तिने डोळे मिटले आणि मला खोबणीत दाबलं. त्या दिवशी लिंगम्मा पोटभर जेवली. मला मात्र खालची लाख भुसभुशीत लागत होती, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं. दाराशी पाऊल वाजलं की त्या दोघी दचकत, आणि लिंगम्माच्या छातीवर मीही हलत असे.

एका सकाळी सासूसुना दळायला बसल्या. लिंगम्मा वाकली आणि मी सुटलो, तो थेट जात्याच्या तोंडात. वरून ज्वारी, खालून दगडी पाळ्यांची घरघर! आता माझं पीठ होणार होतं. चन्नव्वाने फिरत्या जात्यात बोटं घातली. "आत्ती, थांबा!" ती किंचाळली. तिने मला काढलं आणि मुठीत लपवलं. तिची मूठ घामाने भिजली होती. पण लिंगम्माला रिकामी खोबण दिसली होती.

म्हातारी पांढरीफटक पडली. खोबणीवरून तिने बोट फिरवलं. बोटाला भुकटी लागली. ती तिने चोळून पाहिली, हुंगली.

"लाखंत इभूत घातलीस व्हय ग?"

"व्हय आत्ती," चन्नव्वा रडू लागली. "म्हटलं, इटंपरीस इभूत बरी. ती ह्यांना सांभाळील."

लिंगम्माने बोटावरची भुकटी पदराला पुसली. मग तिने सुनेची मूठ हळूच उघडली.

"कामून रडायलीस? लाख चुकली म्हणून खडा पडला. पयला बी लाख वाळूनच पडला असंल. मी येडी, त्यापायी जित्या पोराला मारून बसले."

मग दोघींनी मिळून मला पुन्हा बसवलं, या वेळी विटेच्या भुकटीत. त्यांची भीती काही गेली नाही, पण आता ती माझ्यावर टांगलेली नव्हती. पावसाळा सरता सरता धामधूम निवली आणि रेवणसिद्धप्पा दारात उभा राहिला, नुसता हाडांचा सापळा. आईच्या गळ्याशी वाकून तो म्हणाला, "खडा वाकडा बसलाय, अव्वा."

"असू दे," लिंगम्मा म्हणाली. "तू सरळ उभा हाईस न्हवं?"

मित्रांनो, आता माझी लाख पुन्हा वाळली आहे आणि माझ्या जिवाचा थरकाप होतो. जुन्या वस्तूंना उन्हात, चुलीजवळ ठेवू नका. हलू लागल्या तर वेळेवर बसवा. आणि मी पडलोच, तर मला उचला, पण दूर गेलेल्या माणसासाठी रडू नका. घाबरायचं काम माझ्याकडेच राहू द्या.