हा जबडा माझाच

मी एक जुनी कवटी आहे, मित्रांनो. घाबरू नका. घाबरायचं ते निघोजे गाव माझ्या हयातीतच घाबरून बसलंय. मी सुभद्राबाई गोसावी. शाळा दुसरीपर्यंत, पण तीन म्हशी आणि चार लेकरं एकटीने सांभाळली. जन्मभर डोक्यावर भारे वाहिले.

बहात्तराव्या वर्षी गेले. आम्हा गोसाव्यांत जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, भोवती मीठ भरतात आणि माती देतात. मलाही बांधाजवळ तसंच बसवलं, वर दगड ठेवला. पुढे तो दगड ट्रॅक्टरखाली फुटला, दुसरा कुणी बसवला नाही. मृत्यूचा दाखलाही कुणी काढला नाही. घरच्यांचा हलगर्जीपणा मी झाकणार नाही.

यंदा शेजारच्या शेडचा पाया खोदताना जेसीबी बांधात घुसला आणि मी वर आले. बाई की पुरुष हे कमरेचं हाड सगळ्यात नीट सांगतं. नेमका त्याचाच चुरा झाला.

पोलीस आले. मीठ बघून म्हणाले, प्रेत विरघळवायला टाकलंय. दुमडलेले पाय बघून म्हणाले, बांधून पुरलाय. पुरलाय! माझा रुंद जबडा बघून हवालदाराने जागेवरच मला पुरुष करून टाकलं. दोन वर्षांपूर्वी जयसिंग ठेकेदार बेपत्ता झाला होता. त्याच्याशी बांधावरून भांडलेला माझा नातू ज्योतीराम. त्याला धरून गाडीत बसवलं.

"साहेब, ही माझी आजी हाय वो!"

"आजीचा असला जबडा असतो व्हय रे?"

असतो! याच जबड्याने मी तलाठ्याला चावडीतून उठवलं होतं. पण त्या हवालदारापुढे मला बोलता कुठे येत होतं?

डीएनएचा निकाल यायला महिने लागणार होते. तोवर पोरगं आतच राहिलं असतं. पण मला डॉक्टर विजयश्रींच्या टेबलावर नेलं. तिने घाई केली नाही. कपाळ पाहिलं, ते सरळ. डोळ्यांच्या खोबणीची वरची कड बोटाने चाचपली, ती धारदार. कानामागचा उंचवटा लहान. ही सगळी बाईची लक्षणं. डोक्यामागचं, मानेच्या वरचं हाड मात्र पुरुषासारखं खडबडीत. डोक्यावरच्या ओझ्यानेही ते तसं होतं, म्हणून तिने माझ्या सुनेला, शालनबाईला, बोलावून घेतलं.

"सासूबाई डोक्यावर ओझी वाहायच्या का?"

"वाहायच्या म्हंजे? बैलाला लाज वाटंल इतकी!"

"आणि दात?"

"खालचा एक बी न्हाई. कवळी दिली तर उकिरड्यावर फेकली. हिरड्यांनी भाकर खायच्या आन् मला शिव्या घालायच्या."

या सुनेशी मी तीस वर्षं भांडले. त्या दिवशी तिचा एकही शब्द खोटा नव्हता.

डॉक्टरने जयसिंगचा शेवटचा फोटो मागवला. गडी बत्तिशी दाखवून हसत होता. माझ्या जबड्यातल्या दातांच्या जागा तर हाडाने केव्हाच भरून आलेल्या, कवटीच्या हाडांमधल्या शिवणीही वयाने बुजलेल्या. तिने लिहिलं: ही कवटी जयसिंगची नाही. वय साठीच्या पुढे. बहुधा स्त्री.

बहुधा! चार लेकरं जन्माला घातली मी, आणि बहुधा? फार राग आला. पण मित्रांनो, तिला जेवढं दिसलं तेवढंच तिने लिहिलं. हवालदाराला काहीच दिसलं नव्हतं आणि त्याची खात्री मात्र पक्की होती.

ज्योतीराम सुटला. डीएनएने मी त्याची आजीच ठरल्यावर मला न्यायला तोच आला, आणि मी पुन्हा मातीत बसले. तुम्हीही आपल्या माणसांच्या जागेवर नाव कोरून ठेवा, त्यांचा दाखला काढा. आणि बाईचा चेहरा कसा असावा, हे मला कुणी शिकवू नका.

वर माती लोटताना शालनबाई म्हणाली, "आता तरी शांत ऱ्हावा, आत्याबाई."

जिवंतपणी मी तिचं ऐकलं नाही. आता काय ऐकणार!