दोरावरचं रीळ

मी एक जुनं रीळ आहे, मित्रांनो. एका साहसपटाचं शेवटचं रीळ. माझ्यातलं चित्र आमेरच्या डोंगरावर, रणरणत्या उन्हात टिपलं गेलं. कैदेतल्या भावाला सोडवायला नायिका किल्ल्याच्या तटावरून दोराने उतरते. कॅमेरामन प्रभाकर छातीशी कॅमेरा बांधून दुसऱ्या दोराने तिच्या शेजारून स्वतः उतरले. वरपासून खालपर्यंत एकच सलग दृश्य, मध्ये कुठेही काटछाट नाही. पाहणाऱ्याला वाटे, दोर आपल्याच हातात आहे. तिचे पाय जमिनीला टेकेपर्यंत तंबूतले प्रेक्षक श्वास रोखून बसत.

पुढे मूळ निगेटिव्ह सडली, इतर रिळं हरवली. मी तेवढा प्रभाकरांच्या घरी राहिलो. त्यांची मुलगी विभा बँकेत होती. २००४ साली तिची जयपूरला बदली झाली, प्रभाकरही मला घेऊन तिच्यासोबत आले आणि तिलक नगरच्या घरात मी माळ्यावर गेलो. तिथल्या उन्हाळ्याने मी आकसलो. कडेची भोकं फाटू लागली, अंगाला आंबूस वास येऊ लागला. पुन्हा कधी उलगडलो तर तुकडेच होतील, ही धास्ती मनातून जाईना.

पुढच्या वर्षी गणपतीत मराठी मंडळाने मला दाखवायचं ठरवलं. प्रोजेक्टर होता निवृत्त सुभेदार हिंदुरावांकडे. त्यांनी माझ्या कडांवरून बोट फिरवलं.

"काका, फाटंल की हे. नको लावूया."

"न लावताही मरतंयच ते," प्रभाकर म्हणाले. "लावा."

आधीची गोष्ट प्रभाकरांनी मुलांना तोंडी सांगितली. मग प्रोजेक्टरचा दिवा लागला. नायिका अर्ध्या दोरावर आली आणि माझं एक फाटकं भोक अडकलं. मी दिव्यासमोरच थबकलो. पडद्यावर तिच्या खांद्यापाशी तपकिरी फोड उठला. मी जळत होतो!

हिंदुरावांनी झटकन दिवा बंद केला.

"आजोबा, मतलब ती पडली?" शेजारची छोटी भार्गवी रडवेली झाली.

"बाबा, जळलेलं कापावं लागेल," विभा हळूच म्हणाली. "तुमचं सलग दृश्य..."

ते दृश्य त्यांनी दिग्दर्शकालाही कापू दिलं नव्हतं. त्यांनी कात्री घेतली.

"तिला असं लटकत ठेवून पोरं घरी कशी जातील?" ते म्हणाले, आणि कापलं.

चिकटपट्टीने सांधा जोडला. मी पुन्हा फिरू लागलो. सांधा टिकेल का? मुलं हसतील का? सांधा दिव्यासमोर आला आणि पडद्यावर नायिका एकदम हातभर खाली आली.

"हात सुटला!" सगळी मुलं किंचाळली. भार्गवीने प्रभाकरांचा दंड घट्ट धरला. नायिका जमिनीला टेकली तेव्हा टाळ्यांनी मंडप दणाणला. प्रभाकर डोळे पुसत हसत होते.

आता मी थंड कपाटात असतो. तरी धाकधूक आहेच. मित्रांनो, आमच्यासारख्यांना उन्हात, माळ्यावर टाकू नका. पण भीतीपोटी नुसते कोंडूनही ठेवू नका. परवा भार्गवी दारात येऊन विचारत होती, "विभाकाकू, ती परत कधी उतरणार?"