साबण मुरायला चार आठवडे

"आई, त्या बॉक्सला हात लावू नकोस. मी येईपर्यंत उघडूपण नकोस," विपुल फोनवर म्हणाला, तेव्हा बॉक्स उघडून अर्धा तास होऊन गेला होता. विमलाबाई त्यातल्या पुड्या आणि बाटल्या टेबलावर मांडून, चष्मा पुसून, एकेकीवरचं बारीक अक्षर वाचत बसल्या होत्या.

"तूच पाठवलास ना?"

"पाठवला, पण ऋतिकाने आत्ता रिव्ह्यू वाचले. त्यात केमिकल असतं म्हणे, कॉस्टिक की काय. मला वाटलं, नुसतं वितळवून साच्यात ओतायचं असेल. फोटोत फुलं होती गं."

"कॉस्टिक सोडाच आहे. बत्तीस ग्रॅमच्या दोन पुड्या. म्हणजे दोनदा साबण होईल."

मग विपुल म्हणाला, "सोसायटीची मीटिंग आहे, टँकरचा विषय. ती झाली की निघतो. एक वाजेपर्यंत पोचतो. ते सगळं परत घेऊन जातो. आणि आई, आता बॅगपण भरून ठेव ना. किती दिवस नाही नाही करणार तू? ते फडकं पेटलं तेव्हा लविनाकाकी घरी नसती तर?"

विमलाबाईंनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांचं 'बरं' म्हणजे होकार असतो असं ज्याला वाटलं, त्याने त्यांच्याबरोबर कधी संसार केला नव्हता. त्यांचे यजमान नरहरी राऊत ते 'बरं' ऐकलं की निमूट पायात चपला घालून बाहेर पडत.

गोष्ट अशी की वर्षभरापूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून नाव दिलं, गोळ्या दिल्या. हात काही ऐकेना. दिवाळीनंतर एकदा चहाचं पातेलं उतरवताना हातातलं फडकं ज्योतीवर गेलं आणि पेटलं. जळलं काही नाही, फडकं सोडून. पण शेजारच्या लविनाने ते विपुलला सांगितलं. विपुल आला, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून पिशवीत घातला, आगपेटीसुद्धा उचलून नेली आणि दोन वेळचा डबा लविनाकडे लावून दिला. तेव्हापासून वसईतल्या या दोन खोल्यांच्या बैठ्या घरात चूल पेटली नव्हती. पुढची पायरी ठरलेलीच होती. नायगावला विपुल आणि सून ऋतिका यांच्याकडे सतराव्या मजल्यावर जायचं, तिथल्या बाल्कनीत बसून खाडी बघायची. त्याआधीचा विरंगुळा म्हणून त्याने हा 'घरच्या घरी साबण' नावाचा बॉक्स पाठवला होता. आईच्या हातून आगपेटी काढून घेणाऱ्या मुलाने आईला कॉस्टिक सोडा पाठवावा, याचं विमलाबाईंना सकाळपासून हसू येत होतं.

कारण कॉस्टिक सोडा त्यांना नवा नव्हता. एकतीस वर्षं त्या शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. पगारपत्रकावर शिपाई, मुलांच्या तोंडी लॅबच्या मावशी. प्रॅक्टिकलच्या आधी द्रावणं त्या बनवत आणि वर्गात सर फक्त बाटली उचलून दाखवत. एका नव्या सरांनी घाईघाईत सोड्यावरच पाणी ओतायला घेतलं, तेव्हा त्यांचं मनगट विमलाबाईंनी सगळ्या वर्गासमोर धरलं होतं. "सर, पाण्यात सोडा. सोड्यात पाणी नाही. उडेल तोंडावर." सर आठवडाभर बोलले नाहीत. पण त्या वर्गातली मुलं अजून बाजारात भेटली की हेच वाक्य म्हणून दाखवतात. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी हवी, चिठ्ठीवर नाव हवं, तारीख हवी, वर्ष हवं, हा त्यांचा दुसरा नियम. वर्ष नसलेली चिठ्ठी त्या सरळ फाडून टाकत, मग ती मुख्याध्यापकांनी का लिहिलेली असेना.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. एक वाजायला सव्वादोन तास होते.

त्यांनी दोन्ही खिडक्या उघडल्या. बॉक्समधले हातमोजे घातले, प्लास्टिकचा चष्मा आपल्या चष्म्यावर चढवला. माहितीपत्रकात शुद्ध पाणी घ्या असं लिहिलं होतं. नळाला बोअरचं खारट पाणी, ते चालणार नव्हतं. विपुलने घेतलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन कोपऱ्यात होता, त्यातलं पंच्याहत्तर ग्रॅम मोजून घेतलं. अॅल्युमिनियमचं पातेलं बाजूला सारून स्टीलचं काढलं. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं हे पत्रकात सातव्या ओळीत होतं, त्यांना ते पहिल्या ओळीत हवं होतं.

मग हाताची पाळी आली. पुडी उजव्या हातात धरली तर दाणे ओट्यावर सांडले असते. त्यांनी कोपर ओट्यावर घट्ट टेकलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पुडीची कड पातेल्याच्या कडेवर ठेवली. हात हलत राहिला, पण पुडी हलली नाही. दाणे चिमूट चिमूट पाण्यात पडत गेले. पाणी तापलं, वाफ आली. विमलाबाईंनी तोंड फिरवून घेतलं. काडी न ओढता, गॅस न पेटवता त्यांच्या ओट्यावर दोन महिन्यांनी काहीतरी कढत होतं. त्यांना एवढा आनंद झाला की त्या पातेल्याला "हो, हो" म्हणाल्या.

ते निवेपर्यंत तासभर तरी थांबायचं होतं. पातेलं मोरीच्या कठड्यावर ठेवून त्यांनी तेलं मोजली, साच्याला कागद लावला, चमचे धुतले, ओटा पुसला. पुसता पुसता बारा वाजले आणि चर्चची घंटा झाली.

त्यांच्या शाळेत बाराला प्रॅक्टिकल संपायचं. शाळेचा शिपाई नेहमी उशीर करायचा, म्हणून विमलाबाई चर्चच्या घंटेवर चालत. घंटा झाली की टेबलावरचं सगळं मोरीत ओतायचं, भांडी विसळायची, पुढचा वर्ग आत घ्यायचा. एकतीस वर्षं. तिसरा ठोका पडला तेव्हा त्यांनी पातेलं उचललं, मोरीत ओतलं, वरून दोन तांबे पाणी सोडलं आणि पातेलं विसळून पालथं घातलं.

पालथं घातल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

त्या मोरीशेजारच्या स्टुलावर बसल्या. हात गेला ते त्यांनी मान्य केलं होतं. हाताशी भांडता येतं, कोपर टेकवून त्याला गप्प करता येतं. पण डोकं? डोक्याला कशावर टेकवायचं? विपुल म्हणतो ते खरं असलं तर? त्या खरोखर घाबरल्या. नवरा गेला त्या दिवशीही इतक्या घाबरल्या नव्हत्या.

"विमलाबाय, डबा आणलाय गो. आणि हा कसला वास?" लविना दारात उभी होती. मोरीकडे बघून म्हणाली, "अरे, तुझी मोरी कशी वाहायला लागली? पावसाळ्यापासून तुंबली होती ना?"

खरंच, पाणी घळघळ जात होतं. प्लंबरने दोनदा येऊन जे केलं नव्हतं, ते बत्तीस ग्रॅमांनी केलं होतं.

विमलाबाईंनी तिला खरं ते सांगितलं. लविनाने डबा खाली ठेवला. फडक्याची बातमी आपणच पोचवली हे ती विसरली नव्हती, आणि विमलाबाईही विसरल्या नव्हत्या.

"जाऊ दे ना आता," लविना हळूच म्हणाली. "पोरगा येईल, घेऊन जाईल तो बॉक्स. कशाला जीवाला त्रास?"

"लविना, तू रोज संध्याकाळी प्रार्थना म्हणतेस. कधी मधलीच ओळ दोनदा म्हटली जाते का?"

"जाते ना. आमचा पास्कल हसतो मग."

"मग तुझं डोकं फिरलंय असं कोणी म्हणतं का? हाताला सवय होती, हाताने केलं. घंटा झाली तर काय करायचं ते या हाताला अजून कळतं, एवढाच त्याचा अर्थ." त्या उठल्या. "दुसरी पुडी आहे. दारात उभी राहा, आत येऊ नको. आणि मला हाक मारू नको."

आपलं म्हणणं त्यांना स्वतःला पुरतं पटलं होतं का, कोण जाणे. पण त्यांनी दुसरी पुडी फोडली. पुन्हा कोपर, पुन्हा मनगट. आता पातेलं परातीतल्या थंड पाण्यात ठेवलं, म्हणजे लवकर निवेल. साडेबाराला तेल आणि सोडा एकत्र करायची वेळ आली. इथे पुडी नव्हती, पातळ, कातडी भाजणारं पाणी होतं, आणि हात लटलटत होता. त्यांनी लाकडी उलथणं उभं धरलं, पातेल्याची कड त्याला टेकवली आणि धार त्या लाकडावरून खाली सोडली. दरवर्षी आठवीच्या मुलांना हेच शिकवायच्या, फक्त तिथे काचेची कांडी असायची. धार ओघळत तेलात गेली. एक थेंब बाहेर पडला नाही. दारातून लविनाने छातीवर क्रूस काढला.

मग ढवळणं. पत्रकात 'दाट होईपर्यंत' एवढंच लिहिलं होतं, आणि ते दाट होईना. डावा हात दुखला की उजवा. उजव्या हाताने ढवळताना मात्र एक गंमत झाली. त्याचा कंप ढवळण्यात मिसळून गेला आणि कुठे आहे ते कळेना. त्याला पहिल्यांदाच त्याच्या जोगतं काम मिळालं होतं. सव्वा वाजता उलथण्यावरून पडणाऱ्या धारेची रेघ वर उमटून राहायला लागली आणि त्याच वेळी बाहेर विपुलची गाडी थांबली.

तो आत आला तेव्हा आई डोळ्यांवर दोन चष्मे चढवून साच्यात पिवळसर लगदा ओतत होती.

"आई, मी काय सांगितलं होतं?"

"आत येताना चप्पल काढ. आणि ओट्याला हात लावू नको, कॉस्टिक आहे."

विपुल होता तिथेच थांबला. आईच्या हाताकडे, मग मोजे घातलेल्या त्या हातातल्या पातेल्याकडे बघत राहिला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती, आणि विमलाबाईंना ती कळत होती. "काही झालं असतं म्हणजे?"

"झालं नाही."

"मोरी कशी मोकळी झाली?"

"केली," विमलाबाई म्हणाल्या. लविनाने दारातून वर छताकडे बघितलं.

"बरं, झालं ना आता? तो साचा बॉक्समध्ये घालू, गाडीत ठेवू. बॅग भरलीस?"

"साचा गाडीत हिंदकळवायचा नाही. एक दिवस गुंडाळून ठेवायचा, मग कापायचा, मग मोकळ्या हवेत मुरायला ठेवायचा. चार आठवडे. तोवर त्यात सोडा जिवंत असतो, अंगाला लावला तर भाजेल." त्यांनी साच्यावर जुना टॉवेल गुंडाळला. "अर्धवट टाकून मी येणार नाही. एकतीस वर्षांत एकही प्रॅक्टिकल अर्धवट टाकलं नाही."

"आई, साबणासाठी?"

"हो. साबणासाठी."

विपुलने लविनाकडे बघितलं. ती म्हणाली, "चार आठवडे तर आहेत. मी आहे ना इथे." मग तो उभ्या उभ्याच थोडा वरण-भात खाऊन गेला. जाताना म्हणाला, "चार आठवडे. नंतर काही ऐकणार नाही." विमलाबाई "बरं" म्हणाल्या.

तो पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही आला. तिसऱ्या खेपेला त्याने आपण होऊन विजेची शेगडी आणली. तिला ज्योत नव्हती आणि ती आपली आपण बंद व्हायची. त्या दिवशी त्याला आईच्या हातचा चहा मिळाला.

पंधरा फेब्रुवारीला तो रिकामी खोकी आणि चिकटपट्टी घेऊन आला. चार आठवडे भरले होते. मोरीच्या कठड्यावर नवा साबण ठेवलेला होता, कडा वेड्यावाकड्या, मधून पिवळट. त्याने हात धुतले. फेस आला, खोबऱ्याचा वास आला.

"चांगला झालाय," तो म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं. मग पुसायला टॉवेल घ्यायला तो आतल्या खोलीत गेला आणि भिंतीवरच्या फळीसमोर उभा राहिला.

फळीवर साबणांच्या रांगा होत्या. लविनाच्या झाडांच्या नारळांचं तेल, हार्डवेअरच्या दुकानातला सोडा. प्रत्येक रांगेपुढे एक चिठ्ठी. पहिल्या रांगेतल्या सगळ्या वड्या मोरीवर आणि लविनाकडे गेल्या होत्या, नुसती चिठ्ठी उरली होती: तयार, १५ फेब्रुवारी २०२६. पुढची २२ फेब्रुवारी. मग १ मार्च. मग ८ मार्च. दर रविवारी, तो येऊन गेल्यावर, आईने एक घाणा घातला होता.

म्हणजे कुठल्याही दिवशी आलो तरी काहीतरी मुरायचं बाकीच असणार, हे विपुलच्या ध्यानात आलं. तो हसणार होता. पण मग त्याचं लक्ष अक्षराकडे गेलं. पहिल्या चिठ्ठीवरचं अक्षर शाळेतल्या बाटल्यांवर असायचं तसं होतं, जरा थरथरलेलं. दुसरीवर ओळ खाली घसरली होती. चौथीवरचा आठ दोनदा गिरवून काढला होता, तरी तो आठ वाटत नव्हता.

विमलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात सकाळीच साच्यात भरलेला नवा घाणा होता, टॉवेलात गुंडाळलेला, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. त्यांनी तो फळीच्या टोकाला ठेवला. कोरी चिठ्ठी आणि पेन विपुलपुढे धरलं. पेन हलत होतं.

"ही तू लिही," त्या म्हणाल्या. "माझं आता वाचता येत नाही."

विपुलने पेन घेतलं. बाहेरच्या खोलीत खोकी तशीच पडली होती. त्याने मनातल्या मनात आठवडे मोजले, चिठ्ठी भिंतीला टेकवली आणि सावकाश लिहिलं: तयार, १५ मार्च.

विमलाबाईंनी चष्मा नाकावर सरकवून ती वाचली.

"वर्ष राहिलं," त्या म्हणाल्या.

त्याने वर्ष घातलं.