पडीक जागेवरच्या चादरी

आमच्या मैदानाला नगरपालिकेच्या कागदात 'पडीक' म्हटलंय. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत काय गेलं होतं कोण जाणे. किनाऱ्याला हॉटेलांवर हॉटेलं उठली, त्यात हिरवा तुकडा उरला तो एवढाच. संध्याकाळी तिथे पोरं चेंडूमागे धावतात, म्हाताऱ्या वारा खातात आणि सकाळी माझी मावशी धुतलेल्या चादरी वाळत घालते. इस्त्री माझ्याकडे.

सगळ्यांत मोठ्या हॉटेलच्या चादरी आमच्याकडेच यायच्या. वाळवायचं यंत्र त्यांनी कधी घेतलं नाही, आमचं ऊन फुकट होतं ना! आणि गाड्या उभ्या करायला हेच मैदान त्यांना हवं होतं. त्यांनी अर्ज केला. समिती पाहणीला येणार, जागा वापरात दिसली नाही तर मैदान हॉटेलच्या घशात जाणार, असं ठरलं.

आदल्या दिवशी मॅनेजर आला. मावशी, उद्या दोऱ्या सोडा, पोरांना फिरकू देऊ नका, तुम्हीही आराम करा, असं तोंडात साखर धरून सांगून गेला. मावशी "बरं साहेब" म्हणाली. जेवताना मी तिच्यावर भडकले. जन्म या गवतावर गेला आणि ऐन वेळी शेपूट घातलीस?

"आधी स्वतःच्या तोंडाला इस्त्री कर," ती म्हणाली. "त्यांनी सुट्टी दिलीय. मी घेणार."

सकाळी तिने चादरी धुतल्या. मी पिळायला हात घातला तर मनगटावर फटका बसला. पाणी गळणारा ढीग आम्ही हातगाडीवर घातला, हॉटेलच्या मागच्या दाराशी उतरवला आणि घरी येऊन ती पाय पसरून बसली.

हॉटेल भरलेलं, दुपारी नवे पाहुणे यायचे. गच्चीवर पोहायचा तलाव, तिथे चादरींना जागा नाही. हॉटेलातल्या नोकरांनी त्या जिन्याच्या कठड्यांवर, खिडक्यांवर टाकल्या. आलिशान हॉटेलची पार रया गेली. शेवटी मॅनेजर घामाघूम होऊन आमच्या दारात उभा.

"मावशी, घाला बाबा मैदानावर. समिती संध्याकाळी येणार, तोवर वाळतील."

"मी सुट्टीवर आहे," मावशी म्हणाली. "दोऱ्या कोपऱ्यात आहेत."

मग त्यानेच माणसं लावून दोऱ्या बांधल्या, स्वतः चादरी झटकल्या. न पिळलेल्या जाड चादरी कसल्या वाळतायत! संध्याकाळी समिती आली तेव्हा अख्खं मैदान पांढरंशुभ्र होतं, प्रत्येक कोपऱ्यावर हॉटेलचा निळा शिक्का, आणि खांद्यावर ओलं ओझं घेऊन मधोमध मॅनेजर. पोरं तर चादरींमधून लपाछपी खेळत होती.

समितीच्या बाईंनी एक शिक्का नीट वाचला.

"ही जागा कुणीच वापरत नाही, हा अर्ज तुमच्याच हॉटेलचा ना?"

बाईंनी तिथेच, त्याच्यासमोर 'पडीक' खोडून 'वापरात' लिहिलं. मावशी कुंपणाशी उभी होती, मान ताठ. तिची भाची म्हणवून घेताना माझी छाती इतकी कधी फुगली नव्हती.

हॉटेलने यंत्र घेतलं, आमचं काम तोडलं. महिना कसाबसा ओढतोय, खोटं कशाला बोलू? परवा मैदानावर निम्म्या दोऱ्या रिकाम्या बघून मी हळहळले. मावशीने एक दोरी सोडून गुंडाळली.

"बरं झालं," ती म्हणाली. "पोरांचा चेंडू सारखा अडकत होता."