वीस मोज, मग हात घाल

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा. मोटरवर ताण आला की तो तिला थांबवतो आणि पडद्यावर फॉल्टचा नंबर दाखवतो. नंबर वाचायचा, ताण कशाने आला ते शोधून काढायचं आणि मगच रिसेट दाबायचा. एवढं साधं आहे. पण मिलवाले आधी रिसेट दाबतात, मग पुन्हा दाबतात, आणि डबा अगदीच ऐकेना की मला फोन करतात. पंधरा वर्षं सुरतेत ड्राइव्ह दुरुस्त करत मी या लोकांवर डाफरत आलो. सगळ्यात मोठा गाढवपणा मात्र मीच केला.

माझा थोरला भाऊ चिंधा एका डाइंग मिलमध्ये कापड गुंडाळायच्या मशीनवर होता. कापड रोलरभोवती अडकलं की ड्राइव्ह मोटर थांबवायचा. मेन स्विच पाडूनच हात घालायचा असा नियम, पाळतो कोण? मोटर थांबली तरी जड रोलर जरा वेळ फिरत राहतो, म्हणून मीच दादाला शिकवलं होतं, "फॉल्ट आला की वीस मोज, मग हात घाल." दादा तिसरी शिकलेला, पण मोजायचा मोठ्याने, एकही अंक न गाळता. मिलमधले त्याला हसायचे.

गेल्या श्रावणात सुरतेतल्या नवागामच्या आमच्या घरी कानबाई, आम्हा खानदेशींची देवी, बसायची होती. शहाद्याहून भाऊबंद येणार होते. सणात मिलचा फोन नको, म्हणून आदल्या दिवशी मी त्या ड्राइव्हमध्ये ऑटो रिसेट लावला. मोटर थांबली की तीस सेकंदांनी डबा स्वतःच फॉल्ट पुसणार आणि ती चालू करणार. दादाला घरी गेल्यावर सांगू म्हटलं. सण झाला की काढून टाकू म्हटलं. पाहुण्यांच्या गडबडीत दोन्ही विसरलो.

सोमवारी कानबाईचं तापीत विसर्जन झालं. मंगळवारी दादा कामावर गेला, कापड अडकलं, त्याने वीस मोजले आणि हात घातला. उजवा हात कोपरापासून गेला.

मिलने मलाच बोलावलं. मी ड्राइव्हमधली जुन्या फॉल्टची यादी उघडली. मोटर ताणाने थांबली होती, बरोबर तीस सेकंदांनी सुरू झाली होती. मी ऑटो रिसेट बंद केला आणि डब्याचं झाकण लावलं. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. इतका भेकड मी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दादा सगळ्यांना सांगायचा, "मन्हीच चूक शे. मोजता मोजता कुठेतरी गाळलं मी." प्रमिला वहिनी म्हणाल्या, तो एकटा बसला की ओठातल्या ओठात एक ते वीस मोजत असतो. ते ऐकूनही मी तोंड उघडलं नाही.

यंदा पुन्हा कानबाई आली. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने परातीत गव्हाची मूठ काढायची असते आणि आमच्यात ती थोरला मोजून काढतो. दादाने परात माझ्याकडे सरकवली.

"तू मोज, गोपाल. मन्हं मोजनं काही खरं नही."

मला राहवलं नाही. "दादा, तू बरोबर मोजलंस. ड्राइव्ह तिसाव्या सेकंदाला आपोआप सुरू झाला. तुझा हात तेव्हा आत होता."

"हाई कोनी करं?"

"मी. सणात फोन नको म्हणून. तुला सांगायचं विसरलो."

शेजारी गहू पाखडणाऱ्या वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे वीस पुरा व्हयेल व्हतात?"

"हो."

"वरीसभर, गोपाल. वरीसभर मी सोतालेच शिव्या दिन्यात." आणि तो रडला. हात गेला तेव्हाही असा रडला नव्हता.

मग डाव्या हाताने डोळे पुसून त्याने परात पुन्हा स्वतःकडे ओढली. स्वतःच्या नावाची मूठ टाकली आणि मोठ्याने म्हणाला, "एक."

पुढची माझ्या नावाची होती. गहू मुठीत घेऊन तो थांबला. मी मनात मोजत राहिलो. वीस झाले. तीस झाले.

"दोन," तो म्हणाला आणि मूठ सोडली. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.