भिंतीवरच्या चार ओळी

तिने ब्रश डब्याच्या काठावर दोनदा निपटला आणि ‘परकं’ मधल्या प ची उभी रेघ एका दमात खाली ओढली. रेघ सरळ आली. वाकडी येईल, अशी शिडीखाली बसलेल्यांची अपेक्षा असावी.

“ताई, काम चालू राहू दे,” अध्यक्ष म्हणाला. “आपण बोलत बोलत करू.”

या मंडळात कुणी ताई म्हणालं की समजावं, आता आपल्याकडून काहीतरी काढून घेतलं जाणार. एरवी सगळे तिला रंगारीण म्हणत. बाप पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, एकदा तर दफनभूमीच्या फाटकाची. सुट्ट्यांमध्ये त्याच्या हाताखाली राबून ती अक्षरं शिकली होती. त्यामुळे कॉलेजच्या ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाला आपली मूल्यं भिंतीवर हवीशी झाली तेव्हा ते काम आपोआप तिच्याच गळ्यात पडलं. उद्या संस्थेचे पाहुणे यायचे होते. त्यांना दारातून आत आल्याआल्या दिसलं पाहिजे, हा हट्ट.

तीन ओळी झाल्या होत्या. आम्ही खरं बोलतो. आम्ही एकमेकांसाठी प्रार्थना करतो. आम्ही एकमेकांचं ओझं वाहतो. चौथी चालू होती: आम्ही कुणालाही परकं मानत नाही.

त्या ओळीखालीच दोन खुर्च्या टाकून तिची चौकशी मांडली होती. एका खुर्चीत अध्यक्ष, दुसरीत वही घेतलेला चिटणीस. शिडी धरून उभी होती ती तिची जोडीदारीण.

“म्हणजे तुझी श्रद्धा उरलेली नाही. बरोबर?”

“वर्ष झालं.”

“आणि तरी दर शुक्रवारी पुढे उभी राहून गात होतीस,” चिटणीस म्हणाला.

“तुमचा सूर लागत नाही म्हणून तुम्हीच मला पुढे ढकलत होता.”

चिटणीसाने हे लिहून घ्यायचं की नाही, म्हणून अध्यक्षाकडे पाहिलं. अध्यक्षाने मान हलवली. नको.

ही गोष्ट चव्हाट्यावर आली ती त्यांच्याच रीतीने. मंडळात प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलेला असे. दर मंगळवारी रिकाम्या वर्गात अर्धा तास बसायचं, आठवडाभरात मनात काय काय आलं ते एकमेकांना सांगायचं, आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. नियम कडक होता. पण त्याला एक भोक होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं: देवाला सांगितलेलं ‘बाहेर’ धरत नसत. शुक्रवारी डोळे मिटून, चाळीस जणांत, मोठ्या आवाजात देवाला काहीही सांगता येई. प्रार्थनेत मध्येच कुणाला थांबवता येत नाही. कुणाचा बाप पितो, कुणाचं कुठे जमलंय, सगळं डोळे मिटून ऐकायचं आणि शेवटी आमेन म्हणायचं. गेल्या शुक्रवारी जोडीदारीण उभी राहिली, गळा काढला, आणि नाव घेऊन म्हणाली, प्रभू, माझ्या बहिणीचा तुझ्यावरचा विश्वास उडालाय, ती फक्त गाते, तिला परत आण.

चाळीस जण आमेन म्हणाले. रंगारीणसुद्धा म्हणाली. सवयीने.

“आता पत्राचं बघू,” अध्यक्ष म्हणाला.

पत्र म्हणजे वसतिगृहाचं. वसतिगृह संस्थेचंच. मुलगी मंडळात नीट आहे असं पत्र अध्यक्षाने दर सत्राला दिलं तरच कॉट मिळे. तिचं प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष होतं, परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती आणि घर बसने आठ तास लांब. या गावात तिचं सख्खं चुलत कुणी नव्हतं. ते पत्र मागे घेतलं की कॉट गेली, कॉट गेली की वर्ष गेलं. हे खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं, म्हणून अध्यक्षाचा आवाज इतका मऊ झाला होता.

“माझ्यावर सोडशील तर फार सोपं आहे. उद्या पाहुण्यांसमोर उभं राहायचं. मी डळमळले होते, आता सावरले. दोन वाक्यं. रडलीस तर उत्तमच, नाही रडलीस तरी चालेल.”

“पण मी सावरले नाही.”

“अगं, सावरशील ना हळूहळू!”

“मग तेव्हा म्हणेन.”

“सहा आठवड्यांचा प्रश्न आहे. हट्टाला पेटू नकोस.”

“दादा,” ती वरूनच म्हणाली, “पहिली ओळ तुम्ही मला दोनदा पुसायला लावलीत. अक्षर ठळक नाही म्हणालात. आता ठळक झालंय. जरा वाचा.”

अध्यक्षाने वाचलं नाही. तो उठला. चिटणीसाला म्हणाला, “चल, हिचं पत्र मागे घेतो असं ऑफिसात टाइप करून घेऊ. तोवर हिला विचार करू दे.” दाराशी थांबून त्याने जोडीदारणीकडे पाहिलं. “तू समजाव. पुढच्या वर्षी माझ्या जागी तूच बसणार आहेस. असली कामं करावी लागतात.”

दोघे गेले. खोलीत टर्पेंटाइनचा वास आणि ब्रशची खसखस एवढंच उरलं.

“मी का बोलले ते तू विचारलंसच नाही,” जोडीदारीण म्हणाली.

“विचारून कॉट मिळणार आहे?”

“त्या मंगळवारी तू सांगत होतीस ना, तेव्हा मला वाटलं तू माझंच सांगतेयस.” तिचा आवाज शिडीच्या पायऱ्यांमध्ये अडकल्यासारखा येत होता. “माझं तर तुझ्याआधीपासून तसंच आहे गं. डोळे मिटले की नुसता अंधार. शुक्रवारी म्हटलं, तुझ्यासाठी मागावं. लागू पडलंच तर मलाही पडेल.”

ब्रश थांबला.

“माझ्या नावावर?”

“स्वतःचं घ्यायची छाती नव्हती.”

“माझं घ्यायला बरी झाली!”

“पप्पा पाळक आहेत गं माझे. हे कळलं तर मी कुठे जाऊ?”

“आणि मी कुठे जाऊ, ते विचारलंस का तुझ्या प्रभूला?”

जोडीदारीण रडायला लागली. शुक्रवारी रडली होती तसं नाही; नाक ओढत, तोंड वाकडं करून, कुरूप. रंगारणीच्या पायाखालची शिडी त्या हुंदक्यांनी हलत होती. ती एका हाताने भिंतीला टेकली, ओला ‘मा’ चुकवला, आणि उरलेली अक्षरं काढत राहिली. तिच्या तोंडात फार वाईट शब्द आला होता. तो तिने गिळला.

दोघे परतले. अध्यक्षाच्या हातात पत्र होतं, सही व्हायची होती.

“शेवटचं विचारतो,” तो म्हणाला. “असं वारं एकट्याला लागत नाही. मंडळात आणखी कुणीतरी आहे, माझी खात्री आहे. साक्ष द्यायची नसेल तर राहू दे. फक्त नाव सांग. परीक्षेपर्यंत हे पत्र माझ्या खिशात राहील. शब्द देतो.”

शिडी हलायची थांबली.

रंगारणीने खाली पाहिलं. जोडीदारणीचे डोळे मिटलेले होते, बोटं पांढरी पडली होती. शिडीच्या टोकाला अडकवलेल्या पिशवीतून रंगारणीच्या वसतिगृहातल्या खोलीची किल्ली बाहेर लोंबत होती. तिने ती आत ढकलली, पुन्हा बाहेर काढली.

“कुणी नाही,” ती म्हणाली.

“नीट आठव.”

“मी एकटीच.”

चिटणीसाने ते लिहून घेतलं.

अध्यक्षाने खुर्चीत बसून चिटणीसाची वही गुडघ्यावर घेतली, तिच्यावर पत्र ठेवून सही केली. सही झोकदार होती. मग, काहीतरी राहून गेल्यासारखा, म्हणाला, “ताई, जायच्या आधी तुझ्यासाठी प्रार्थना करू या.”

“करा की. फक्त नावं घेऊ नका.”

तिने ओळ संपवली, टिंब दिलं, मागे रेलून चारही ओळी सरळ आहेत का पाहिलं. होत्या. ती खाली उतरली, किल्ली अध्यक्षाच्या गुडघ्यावरच्या वहीवर ठेवली आणि हात पुसले.

“रंगाच्या एका हातात भागत नाही,” ती जोडीदारणीला म्हणाली. “वाळलं की खालची भिंत दिसायला लागते. सकाळी दुसरा हात मार.”

“मी? मला कुठे येतंय?”

“माझ्या रेघांवरूनच न्यायचा.” तिने ब्रश तिच्या हातात दिला. “तुला इथे राहायचंय.”

ती पिशवी घेऊन बाहेर पडली. जोडीदारीण ब्रश उभा धरून भिंतीकडे बघत राहिली. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. चिटणीस दोनदा म्हणाला, “ताई, हात बघा,” तरी तिला ऐकू गेलं नाही.